शास्त्राच्या पेपरातल्या खोड्या

संगीताच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना गाण्याची भीती कमी वाटते आणि ‘शास्त्रा’ची जास्त. बंदिश तोंडपाठ असते, ताना घोटून झालेल्या असतात, आणि मग परीक्षक चष्म्यावरून बघत विचारतात, ‘थाट म्हणजे काय?’ झालं! गाइडातली चार वाक्यं एका दमात बाहेर पडतात आणि त्यातलं एकही डोक्यात शिरलेलं नसतं. दोष मुलांचा नाही. गाइडं या संज्ञा अशा छापतात की त्यांच्यात काही भानगड असेल अशी शंकासुद्धा येऊ नये. भानगडी मात्र भरपूर आहेत. नियम आहेत, नियम मोडणारे राग आहेत, आणि शेकडो वर्षं न मिटलेली भांडणंही आहेत.

मोर, बोकड आणि बेडूक

हिशेब सोपा आहे. शुद्ध स्वर सात, कोमल चार (रे, ग, ध, नी), तीव्र एकच (म). एकूण बारा. सा आणि प जागचे हलत नाहीत, म्हणून ते अचल. बाकीच्या पाचांपैकी चौघं हलतात ती खाली. वर चढायची मुभा एकट्या मध्यमाला.

पण हे सात आले कुठून? जुन्या ग्रंथकारांचं उत्तर आहे प्राणिसंग्रहालयातून. ‘संगीत रत्नाकर’ सांगतो की मोर षड्जात ओरडतो, चातक ऋषभात, बोकड गांधारात, क्रौंच मध्यमात, कोकिळ पंचमात, बेडूक धैवतात आणि हत्ती निषादात. ‘नारदीय शिक्षे’त ऋषभ गाईबैलांकडे आहे आणि धैवत घोड्याकडे. म्हणजे धैवत लावण्याआधी डरावायचं की खिंकाळायचं, ते आपलं आपण ठरवावं.

हा ‘रत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेव कोण, तर देवगिरीच्या यादवांच्या दरबारातला बडा अधिकारी. तेराव्या शतकात, सिंघण राजाच्या काळात, हिशेबखात्याचा प्रमुख. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. आज आपण ज्याला दौलताबाद म्हणतो आणि सहलीला जाऊन ज्याच्या अंधाऱ्या भुयारात किंचाळतो, त्याच देवगिरीत भारतीय संगीतावरचा हा सात अध्यायांचा ग्रंथ जमाखर्च बघणाऱ्या माणसाने लिहिला. हिंदुस्तानी आणि कर्नाटक, दोन्हीकडचे पंडित त्याला आपला मानतात. एरवी या दोन घरांचं फारशा गोष्टींवर एकमत होत नाही.

छत्तीस इंचांची तार

सतराव्या शतकात अहोबल पंडितांनी ‘संगीत पारिजाता’त स्वरांच्या जागा वीणेच्या तारेची लांबी मोजून सांगितल्या. स्वर आता कानासोबत फूटपट्टीनेही सापडू लागला. आजची पाठ्यपुस्तकं हिशेबाला ३६ इंचांची तार घेतात. मोकळी तार छेडली की सा. बरोबर मध्ये, १८ इंचांवर दाबली की तार सप्तकातला सा. २४ इंचांवर पंचम, २७ इंचांवर मध्यम. छत्तीसच का? २, ३ आणि ४ या तिन्हींनी नि:शेष भाग जातो म्हणून. गणिताच्या सरांना हे कारण सांगून बघा, खूश होतील.

आंदोलनसंख्येतही हेच गणित उलट चालतं. सा २४० धरला तर म ३२०, प ३६० आणि तार सा ४८०. पुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या २४० हाच आकडा छापत आली आहेत. आता गंमत बघा. आज पेट्या ज्या ४४०च्या मापाने लावतात, त्या मापाने काळी पाच साधारण २३३ला बोलते आणि पांढरी सात साधारण २४७ला. म्हणजे पुस्तकातला सा पेटीच्या एकाही पट्टीवर नाही! तो दोन पट्ट्यांच्या फटीत बसला आहे.

त्याने काही बिघडत नाही, कारण आपला सा कुठेच पक्का नसतो. ज्याचा गळा जिथे सुखाने लागतो तिथे त्याचा सा. एखाद्या बुवांची काळी एक, एखाद्या बाईंची काळी चार. म्हणून ‘तुझी पट्टी कोणती?’ हा प्रश्न गाणाऱ्यांमध्ये नाव-गाव विचारण्याआधी येतो.

बावीस श्रुती आणि एक डेप्युटी कलेक्टर

सप्तकातल्या, कानाला वेगळ्या ओळखू येणाऱ्या बारीक सुरांच्या जागा म्हणजे श्रुती. त्या बावीस. वाटणी चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन. षड्जापासून निषादापर्यंत ही रांग भरताच्या नाट्यशास्त्रापासून चालत आली आहे. एवढं लिहिलं की गुण मिळतात. पण ‘या बावीस जागा नेमक्या कुठे?’ असं विचारलंत की विद्वानांची सभा संध्याकाळपर्यंत उठत नाही.

पहिला पेच असा की प्राचीनांनी स्वर ठेवला आपल्या वाट्याच्या शेवटच्या श्रुतीवर आणि आधुनिकांनी ठेवला पहिल्या श्रुतीवर. रांग तीच, आकडे तेच, पण त्यामुळे सगळं सप्तकच बदलतं. भरताचं मूळ सप्तक आजच्या काफी थाटाच्या जवळ जातं आणि आपलं शुद्ध स्वरांचं सप्तक बिलावल होतं. परीक्षेत ‘शुद्ध’ म्हणून जे आपण छातीठोक सांगतो, ते भरतमुनींना बहुधा शुद्ध वाटलं नसतं.

शार्ङ्गदेवाने श्रुती सिद्ध करायला बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा सुचवल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर याच श्रुतींच्या मागे लागले. मदतीला साक्षात अब्दुल करीम खाँसाहेब. खाँसाहेबांनी सूर लावायचा, देवलांनी तो मोजायचा. १९१० मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. पुढे अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या जोडीने श्रुती-हार्मोनियमचाही खटाटोप झाला. महसूल खात्यात जमिनी मोजून झाल्यावर माणसाने निवृत्तीत श्रुती मोजायला घ्याव्यात, हा सांगली-मिरजेच्या हवेचाच गुण असावा.

नेहमीच्या पेटीला मात्र ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये बाहेर काढलं. आरोप जुनेच होते. ती परदेशी, तिला बाराच पट्ट्या, तिच्यात श्रुती नाहीत आणि मींड तर नाहीच. मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सूर न तोडता घसरत जाणं, आणि पेटीच्या पट्ट्यांमध्ये घसरायला जागाच नसते. ही बंदी तीन दशकं टिकली. त्याच काळात महाराष्ट्रातल्या घरोघरी मुलं पेटीवरच ‘सा रे ग म’ शिकत होती. सरकारचं म्हणणं बरोबर होतं आणि मुलांचीही सोय होत होती.

न छेडलेला गांधार

तानपुऱ्याला तारा चार. पहिली मंद्र पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, शेवटची खर्जाची, म्हणजे मंद्र षड्जाची. गांधाराची तार नाहीच. तरी तानपुरा सुरेख जुळला की खर्जाच्या तारेतून स्वच्छ गांधार ऐकू येतो. आपले लोक त्याला स्वयंभू गांधार म्हणतात.

यात दैवी काही नाही आणि तरी थोडं आहेच. तार एका सुरात थरथरते तेव्हा त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट आंदोलनांचे सूरही तिच्यात असतात. खर्ज १२० धरा. पाचपट म्हणजे ६००. तार षड्ज ४८०. त्याचा गांधार सव्वापट, म्हणजे पुन्हा ६००. जमला हिशेब! हे वरचे सूर कानापर्यंत ठळक पोचतात ते जवारीमुळे. घोडीवर तार अलगद टेकते आणि तिच्याखाली सुताचा दोरा सरकवून तिची बोली शोधतात. सी. व्ही. रामन यांनी प्रकाशाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवण्याआधी, १९२० च्या आसपास, तानपुऱ्याची ही जवारी आणि मृदंग-तबल्याची शाई या दोन्हींवर संशोधन केलं होतं. मिरजेच्या कारागिरांना ते आधीपासून हातांना माहीत होतं. मिरजेच्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

मालकंसात पंचम नाही. मग पहिली तार मध्यमाला लावतात. मारव्याला, पुरियाला निषादाला. तानपुऱ्याची पहिली तार ऐकून ‘आता काय गाणार’ याचा अंदाज बांधता येतो, आणि शेजारच्या खुर्चीवरच्यावर छाप पाडायला एवढं पुरतं.

गायचा नाही असा थाट

थाट ही संगीतातली सगळ्यात विचित्र वस्तू. त्यात सात स्वर असलेच पाहिजेत, ते क्रमानेच हवेत, फक्त आरोह पुरे, आणि तो गोड असण्याची अट नाही, कारण तो गायचाच नसतो! तो फक्त राग लावून ठेवायचं कपाट आहे.

ही कपाटं दहा केली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी. जन्म १८६०, मुंबईत वाळकेश्वरी, गोकुळाष्टमीच्या दिवशी. पेशा वकिली. दक्षिणेत व्यंकटमखीने सतराव्या शतकातच गणिताने ७२ मेळ, म्हणजे तिकडचे थाट, पाडून ठेवले होते. प्रत्येक स्वराचं एकच रूप घ्यायचं म्हटलं तर आपल्या पद्धतीत ३२ होतात. दोन्ही आकडे समोर असताना भातखंड्यांनी दहा निवडले, कारण गवयांच्या तोंडी असलेले राग त्यांना या दहांत बसवता येत होते.

बसवता येत होते म्हणजे कधीकधी दार ढकलून. मारवा थाटाला नाव मारवा रागाचं, पण थाटात पंचम आहे आणि रागात नाही. आसावरी थाटात ऋषभ शुद्ध, मात्र कोमल ऋषभाची आसावरी गाणारे तेव्हाही होते आणि आताही आहेत. त्यांची आसावरी स्वरांप्रमाणे भैरवीच्या कपाटात जायला हवी. विचारा एखाद्या विशारदाला आणि गंमत बघा.

वकिलाची खरी हुशारी पुढे आहे. त्यांनी ‘चतुर पंडित’ या नावाने संस्कृतात ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ लिहिलं. मग ‘विष्णुशर्मा’ या नावाने मराठीत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे भाग लिहिले, तेही गुरु-शिष्याच्या गप्पांच्या रूपात. आणि त्यात आधाराला दाखला कुणाचा? चतुर पंडितांचा! साक्षीदारही आपलाच, वकीलही आपणच.

चारशे चौऱ्याऐंशी

रागाला किमान पाच स्वर लागतात. पाच असले तर औडव, सहा असले तर षाडव, सात असले तर संपूर्ण. आरोहाची जात वेगळी आणि अवरोहाची वेगळी असू शकते, म्हणून एकूण जाती नऊ.

आता हा गुणाकार करा. सा गाळायचा नाही. सातही स्वर घ्यायची रीत १. एक स्वर गाळायच्या रीती ६. दोन गाळायच्या १५. बेरीज २२. आरोहाला २२ पर्याय, अवरोहाला २२. एका थाटातून ४८४ राग. दहा थाटांतून ४,८४०, बहात्तर मेळांतून ३४,८४८. हा आकडा गाइडात मोठ्या अभिमानाने छापलेला असतो.

त्याच गाइडात दोन पानं आधी एक नियम असतो, की कोणत्याही रागात म आणि प हे दोन्ही एकदम वर्ज्य नसावेत. पण १५ मध्ये ‘म-प वर्ज्य’ ही जोडी धरलेली आहेच! ती काढली की १४ उरतात, बेरीज २१ होते आणि राग ४४१. उत्तरपत्रिकेत मात्र मुकाट्याने ४८४ लिहा. तपासणाऱ्याकडेही तेच गाइड असतं.

बाकी काही गवई मालश्री सा, ग, प या तिघांवर निभावून नेतात. ‘किमान पाच’ म्हणणारा नियम तेव्हा मान खाली घालून ऐकत बसतो.

पाच स्वर, दोन घरं

भूप आणि देशकार. दोघांचेही स्वर सा रे ग प ध. आरोह तोच, अवरोह तोच. मग फरक? भूपाचा वादी गांधार, संवादी धैवत. देशकाराचा वादी धैवत, संवादी गांधार. एवढ्यावर एक संध्याकाळी गेला, दुसरा सकाळी. एक कल्याण थाटात, दुसरा बिलावल थाटात. वादी म्हणजे रागाचा राजा आणि संवादी म्हणजे प्रधान, हे गाइडातलं वाक्य इथे खरं वाटतं. राजा-प्रधानाची अदलाबदल झाली आणि राज्यच बदललं.

मारवा, पुरिया, सोहनी ही तर तिळी भावंडं. तिघांतही कोमल ऋषभ, तीव्र मध्यम आणि पंचमाला सुट्टी. पण पुरिया मंद्रात रमतो, सोहनी तार षड्जाभोवती नाचते आणि मारवा षड्जाला टाळत टाळत जीव टांगणीला लावतो. त्यातून मारव्याचा वादी कोमल ऋषभ आणि संवादी शुद्ध धैवत. वादी-संवादीत षड्ज-मध्यम किंवा षड्ज-पंचम भाव हवा, हा पाठ केलेला नियम. या दोघांत दोन्हींपैकी एकही नाही. तरी मारवा मारव्यासारखाच लागतो.

वादीवरून घड्याळही लागतं. वादी सप्तकाच्या पूर्वांगात, म्हणजे खालच्या अर्ध्यात, असेल तर राग दुपारी बारा ते रात्री बारा, उत्तरांगात असेल तर रात्री बारा ते दुपारी बारा. मध्यम त्याहून चटकन वेळ सांगतो. शुद्ध असला तर कल सकाळकडे, तीव्र असला तर संध्याकाळ-रात्रीकडे. म्हणून त्याला अध्वदर्शक, म्हणजे वाट दाखवणारा, म्हणतात. आणि भैरवी? पुस्तकात वेळ सकाळची, मैफलीत कितीही वाजता शेवटची. थाटाने चार कोमल स्वर दिलेत, पण रंगलेल्या भैरवीत बाराही स्वर हजेरी लावून जातात. लाडक्या मुलीला घरात कोण नियम सांगणार!

सम, खाली आणि डग्ग्याचा लपंडाव

मात्रेची लांबी किती? जुन्या ग्रंथांत उत्तर आहे, पाच लघू अक्षरं उच्चारायला लागतो तेवढा वेळ. आजच्या विलंबित ख्यालात एक मात्रा चार सेकंदांची झाली तर एकतालाचं बारा मात्रांचं एक आवर्तन ४८ सेकंद चालतं. तेवढ्यात ती पाच अक्षरं मोजून चहा प्यायला जाता येईल.

तीनतालात मात्रा सोळा. टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला. खाली नवव्या मात्रेला. खालीला हात हवेत उघडतो आणि डग्ग्याचा घुमारा बंद होतो, असं शिकवतात. ठेका नीट म्हणून बघा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. नववी मात्रा तर ‘धा’ आहे, डग्ग्यासकट! घुमारा जातो दहाव्या मात्रेला आणि परततो चौदाव्या मात्रेला. हात एकीकडे, डग्गा एक पाऊल मागे. नवशिका गायक इथे घसरतो, कारण तो हात बघत नाही आणि डग्ग्याच्या भरवशावर राहतो.

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, सगळ्यात वजनदार, हेही पाठ. रूपकाला कुणी कळवलेलं दिसत नाही. त्याच्या सात मात्रांची सुरुवात ‘तीं तीं ना’ अशी, आणि समेवरच खाली.

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. तीनतालात समेपासून निघून पुढच्या समेवर यायचं तर १७ मात्रा भराव्या लागतात. पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा विश्रांती, पुन्हा पाच, पुन्हा एक, पुन्हा पाच. शेवटचा ‘धा’ बरोबर समेवर. मुलांना हे एकदा हातावर करायला लावा. पुढचा आठवडाभर जेवणाच्या ताटावरही तिहाया पडतात. फर्माइशी चक्रदार त्याच्या पुढची गल्ली. तिहाईने संपणारा अख्खा पल्लाच तीनदा वाजवायचा. पहिल्या पल्ल्याचा पहिला धा समेवर, दुसऱ्या पल्ल्याचा दुसरा धा समेवर, तिसऱ्याचा तिसरा. नावच सांगतं की लोक हे फर्माइश करून ऐकायचे.

आड लय म्हणजे दीडपट. कुआड म्हणजे काही जणांच्या मते सव्वापट आणि काही जणांच्या मते आडीची आड, म्हणजे सव्वादोनपट. दोन्ही मतांना पुस्तकं आहेत. आपल्या गुरुजींचं मत बरोबर.

दोन विष्णू, एक टिंब

भातखंड्यांचेच समकालीन पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. जन्म १८७२, कुरुंदवाड. लहानपणी फटाक्याने डोळे गेले, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले आणि ५ मे १९०१ रोजी थेट लाहोरात गांधर्व महाविद्यालय उघडलं. या दोन विष्णूंनी गाणं कागदावर उतरवायच्या दोन लिप्या केल्या आणि विद्यार्थ्यांसाठी एक सापळा लावून ठेवला.

भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर तो तार सप्तकातला. पलुस्कर पद्धतीत डोक्यावर टिंब असेल तर तो मंद्र सप्तकातला! पलुस्करांकडे तार सप्तकाची खूण उभी रेघ; तीच रेघ भातखंड्यांकडे मध्यमावर आली की तो तीव्र. भातखंडे कोमल स्वराखाली आडवी रेघ ओढतात, पलुस्कर त्याचा पाय मोडतात. समेला भातखंड्यांची फुली, पलुस्करांचा एकचा आकडा. खालीला भातखंड्यांचं शून्य, पलुस्करांचं अधिक चिन्ह. म्हणजे एकाची सम दुसऱ्याला खालीसारखी दिसते आणि एकाचा खर्ज दुसऱ्याला टिपेचा वाटतो.

तेव्हा पेपरात स्वरलिपी लिहिताना वरच्या कोपऱ्यात ‘भातखंडे पद्धती’ किंवा ‘पलुस्कर पद्धती’ एवढे दोन शब्द आधी लिहा. नाहीतर परीक्षक तुमची बंदिश दोन सप्तकं खाली गुणगुणून बघतील, आणि गुणही तिथूनच मोजतील.